कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची मिळकत आणि शहराची महागाई: अमेरिकेतली शहरं शेजारी ठेवून कशी पाहायची

‘कृष्णवर्णीय मध्यमवर्गासाठी अमेरिकेतलं सर्वांत चांगलं शहर कोणतं’ अशा याद्या दरवर्षी निघतात. बहुतेक याद्या एकाच आकड्यावर उभ्या असतात: शहरातल्या कृष्णवर्णीय घरांचं मध्यक उत्पन्न, म्हणजे अर्धी घरं ज्याच्या वर आणि अर्धी ज्याच्या खाली असतात तो आकडा. पण मोजलेली घरं कुणाची, शहराची हद्द कुठे धरली आणि तेवढ्या पैशात तिथे काय काय येतं, हे विचारलं की त्याच यादीतला क्रम खालीवर होतो. त्यासाठी लागणारी सगळी माहिती सरकारी संस्थळांवर फुकट मिळते. एक स्प्रेडशीट आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते.

आपल्याकडे सरकारचं घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण सामाजिक गट नोंदवतं, पण अनुसूचित जातींच्या घरांचं पुण्यातलं आणि नागपुरातलं उत्पन्न वेगवेगळं काढून द्या म्हटलं तर असा तयार तक्ता हाती लागत नाही. अमेरिकेत तो लागतो, अगदी गावपातळीपर्यंत. एवढी बारीक माहिती हाताशी असताना ती ढोबळपणे वापरणं वाईट.

मध्यमवर्गाची खालची सीमा आधी पक्की करा

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेची व्याख्या सर्वांत जास्त वापरात आहे. देशाच्या मध्यक घरटी उत्पन्नाच्या दोन-तृतीयांशापासून दुपटीपर्यंत ज्यांचं उत्पन्न, ते मध्यमवर्गीय. उत्पन्न आधी तीन माणसांच्या घराच्या मापात आणायचं: घरातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं आणि ३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने गुणायचं. ६०,००० डॉलर मिळवणारं दोन माणसांचं घर या मापाने सुमारे ७३,५०० वर जातं आणि चार माणसांचं घर सुमारे ५२,००० वर येतं. पगार तोच, पण एक घर आरामात मध्यमवर्गात आहे आणि दुसरं उंबरठ्यावर.

इथे पहिली चूक होते ती दोन सर्वेक्षणं मिसळण्याची. सेन्सस ब्यूरो, म्हणजे अमेरिकेचं जनगणना खातं, दरवर्षी घरटी उत्पन्नाचे दोन वेगळे आकडे देतं. २०२३ साली करंट पॉप्युलेशन सर्व्हेनुसार देशाचं मध्यक ८०,६१० डॉलर होतं आणि अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेनुसार ७७,७१९. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न विचारण्याची रीत वेगळी आहे. शहरांचे आकडे दुसऱ्या सर्वेक्षणातून येतात, म्हणून सीमाही त्यातूनच काढायची: खालची ५१,८१३ आणि वरची १,५५,४३८. पहिल्यातून काढली तर खालची सीमा ५३,७४० होते, म्हणजे जवळजवळ दोन हजार डॉलरने सरकते.

दोन हजारांनी असा काय फरक पडतो? कृष्णवर्णीय घरांच्या बाबतीत मोठा पडतो. त्याच पहिल्या सर्वेक्षणात २०२३ साली कृष्णवर्णीय घरांचं मध्यक ५६,४९० होतं आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतलं मूळ असलेले) नसलेल्या श्वेतवर्णीय घरांचं ८९,०५०. श्वेतवर्णीय मध्यक खालच्या सीमेपासून पस्तीस हजार डॉलर वर आहे, कृष्णवर्णीय मध्यक तीन हजारसुद्धा नाही. गर्दी सगळी सीमेच्या आसपास आहे. सीमा जरा हलवली की हजारो घरं एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातात. म्हणूनच महागाईचा हिशेब, घराचा आकार, चूक-मर्यादा (नमुना सर्वेक्षणातला आकडा किती वरखाली असू शकतो ते) या गोष्टी इथे इतर कुठल्याही तुलनेपेक्षा जास्त काटेकोरपणे पाहाव्या लागतात.

नेमका तक्ता कोणता

सेन्सस ब्यूरोच्या डेटा संस्थळावर तक्ता बी-१९०१३-बी शोधा. शेवटचं अक्षर वंशाचं: ‘बी’ म्हणजे फक्त कृष्णवर्णीय, ‘एच’ म्हणजे हिस्पॅनिक नसलेले श्वेतवर्णीय, ‘आय’ म्हणजे हिस्पॅनिक. हे अक्षर न लावता तक्ता उचलला तर सगळ्या शहराचं मध्यक मिळतं. बी-१९११३-बी हाही तक्ता घेऊ नका. तो ‘फॅमिली’चा आहे आणि त्यात एकटी राहणारी माणसं येत नाहीत, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. एका शहरासाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा तक्ता वापरून केलेल्या तुलना सर्रास आढळतात.

घराचा वंश म्हणजे घर ज्याच्या नावावर आहे किंवा ज्याच्या नावाने भाड्याने घेतलं आहे त्या व्यक्तीचा वंश. मिश्र विवाहाचं एकच घर नवऱ्याच्या नावाने एका रकान्यात, तर बायकोच्या नावाने दुसऱ्या रकान्यात पडतं. ज्यांनी स्वतःला एकाहून अधिक वंशांचं म्हटलं ते ‘बी’ मध्ये नसतात.

वर्षाचा प्रश्नही आहे. एक वर्षाचे अंदाज फक्त ६५,००० किंवा जास्त लोकवस्तीच्या जागांसाठी निघतात, पाच वर्षांचे सगळ्यांसाठी. मोठ्या शहरांची ताजी तुलना हवी तर एक वर्षाचे घ्या. उपनगरं आणि छोटी शहरं असतील तर पाच वर्षांचेच घ्यावे लागतात, आणि मग मोठ्या शहरांसाठीही पाच वर्षांचेच वापरायचे. पाच वर्षांच्या संचात डॉलर शेवटच्या वर्षाच्या किमतीत आणलेले असतात, तरी त्यातली काही मिळकत चार-पाच वर्षांपूर्वीची असते. २०१८–२२ आणि २०१९–२३ हे दोन संच समोरासमोर ठेवून ‘उत्पन्न वाढलं’ असं म्हणू नका, चार वर्षं दोन्हींत सामाईक आहेत. २०२० चे एक वर्षाचे नेहमीचे अंदाज निघालेच नाहीत. कोरोनामुळे प्रतिसाद इतके कमी आले की ब्यूरोने ते फक्त प्रायोगिक म्हणून दिले.

प्रत्येक आकड्याशेजारी चूक-मर्यादा छापलेली असते. ती स्प्रेडशीटमध्ये उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. समजा एका शहराचं मध्यक ५८,००० आणि चूक-मर्यादा ४,०००, दुसऱ्याचं ५४,००० आणि ३,०००. फरक ४,००० चा. दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा: ५,०००. फरक त्याहून लहान आहे, म्हणजे ही दोन शहरं या आकड्यांवरून वेगळी म्हणता येत नाहीत. मर्यादा ९० टक्के विश्वासाच्या पातळीवर दिलेली असते, तेव्हा निष्कर्षही तेवढ्याच खात्रीचा. कृष्णवर्णीय वस्ती कमी असलेल्या पश्चिमेकडच्या शहरांत ही मर्यादा इतकी मोठी असते की याद्यांमधले त्यांचे वरचे क्रमांक बऱ्याचदा फक्त नमुन्याच्या नशिबाने आलेले असतात.

हद्द: शहर की महानगर

सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो. अटलांटा शहराची वस्ती पाच लाखांच्या आसपास, महानगराची साठ लाखांहून अधिक. तिथला कृष्णवर्णीय मध्यमवर्ग बराचसा शहराबाहेर आहे: डीकाल्ब, क्लेटन, हेन्री या काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), आणि २०१७ साली स्थापन झालेल्या साऊथ फुल्टन या शहरात. फक्त अटलांटा शहराचा आकडा घेतला तर ज्यांच्याबद्दल बोलायचं तेच लोक हिशेबातून गळतात. वॉशिंग्टनचंही तसंच. शहरातलं कृष्णवर्णीय मध्यक एक चित्र दाखवतं आणि हद्द ओलांडून मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस किंवा चार्ल्स काउंटीत गेलं की दुसरं. डेट्रॉईटसाठी साऊथफील्ड पाहावं लागतं, शिकागोसाठी फ्लॉसमूर, मॅटसन, ऑलिम्पिया फील्ड्स ही दक्षिणेकडची उपनगरं.

उलट बाजूला जॅक्सनविल आणि नॅशविल. ही शहरं १९६० च्या दशकातच आपापल्या काउंटीत विलीन झाली, त्यामुळे त्यांच्या ‘शहर’ आकड्यात उपनगरंही आहेत. ह्यूस्टनची हद्दही अशीच पसरलेली. अटलांटा शहर आणि जॅक्सनविल शहर यांची तुलना म्हणजे गाभ्याची आणि अख्ख्या फळाची तुलना.

म्हणून मुख्य तुलना नेहमी महानगर क्षेत्रांची करा आणि त्याखाली दुसऱ्या ओळीत मध्यवर्ती शहर द्या. २०२३ मध्ये महानगरांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा जुना आणि नवा संच वापरताना काउंट्यांची यादी तपासा.

मध्यमवर्गीय घरं किती, हे मोजा

मध्यक एकच बिंदू सांगतो. तक्ता बी-१९००१-बी सोळा उत्पन्नगट देतो आणि त्यातून मध्यमवर्गीय घरांचा टक्का निघतो. सीमा एखाद्या गटाच्या मधोमध पडली तर गटात घरं सारखी पसरली आहेत असं धरून हिस्सा करायचा. ५१,८१३ ही सीमा ५०,०००–५९,९९९ या गटात पडते, म्हणजे त्या गटातली सुमारे ८२ टक्के घरं सीमेच्या वर. वरची सीमा १,५०,०००–१,९९,९९९ या गटात, त्यातली ११ टक्के घरं आत.

आता स्थानिक महागाई लावा. सरकारच्या ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिसचे प्रादेशिक किंमत निर्देशांक घ्या. देशाची सरासरी १००, प्रत्येक राज्य आणि महानगरासाठी वेगळा आकडा. राज्यांत कॅलिफोर्निया सुमारे ११२ वर आहे आणि आर्कान्सा ८७ च्या आसपास. घराचं उत्पन्न बदलण्यापेक्षा सीमा बदलणं सोपं: निर्देशांक १०८ असेल तर खालची सीमा ५५,९५८ होते आणि ५०–६० हजारांच्या गटातली फक्त ४० टक्के घरं वर राहतात. निर्देशांक ८८ असेल तर सीमा ४५,५९५ वर उतरते. मग तो पूर्ण गट आत येतोच, शिवाय खालच्या ४५–५० हजारांच्या गटातली ८८ टक्के घरंही येतात. वरची सीमाही त्याच पटीत सरकवायला विसरू नका, नाहीतर स्वस्त शहरातला श्रीमंत वर्ग मध्यमवर्गात मोजला जातो.

या तक्त्यात घराचा आकार नाही. एकाकी वृद्धांची घरं जास्त असलेलं डेट्रॉईट आणि मुलाबाळांची घरं जास्त असलेली अटलांटाची उपनगरं यात फरक पडतो. आकारासह हिशेब हवाच असेल तर मिनेसोटा विद्यापीठाच्या इपम्स संग्रहातून घराघराची निनावी नोंद उतरवून घ्या. त्यात सर्वांत छोटं क्षेत्र किमान एक लाख वस्तीचं असतं, म्हणून छोटी उपनगरं एकेकटी दिसत नाहीत.

राहणीमानाचा दुसरा एक लोकप्रिय निर्देशांक आहे, सी-टू-ई-आर संस्थेचा. तो इथे वापरू नये. त्यातली खरेदीची टोपली उत्पन्नाच्या वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या, व्यवस्थापक-व्यावसायिक घरांची असते आणि शहरं त्यात स्वेच्छेने भाग घेतात. न्यूयॉर्कसाठी तो मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स असे वेगळे आकडे देतो. क्वीन्सच्या आग्नेय भागातल्या, स्वतःची घरं असलेल्या कृष्णवर्णीय वस्तीला मॅनहॅटनचा आकडा लावणं म्हणजे चुकीचं माप.

निर्देशांकात न येणारा खर्च

किंमत निर्देशांक महानगराची सरासरी सांगतो. त्यात प्राप्तिकर नाही, आणि नवीन घर घेणाऱ्याच्या कर्जाचा हप्ताही नाही. म्हणून निवडलेल्या प्रत्येक शहरासाठी एका नमुना घराचा महिन्याचा जमाखर्च मांडा. ८०,००० डॉलर, दोन कमावते, दोन मुलं असं घर धरणं सोयीचं.

कर आधी. सामाजिक सुरक्षा (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) मिळून पगारातून ७.६५ टक्के, म्हणजे ६,१२० डॉलर सगळीकडे सारखेच. त्यानंतर शहरं वेगळी होतात. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसीत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. डेट्रॉईटमध्ये राज्याच्या ४.२५ टक्क्यांवर रहिवाशांना शहराचा २.४ टक्के कर आहे, म्हणजे वर्षाला आणखी १,९२०. फिलाडेल्फियात शहराचा पगारकर पावणेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३,०००. मेरीलँडमध्ये काउंटी प्राप्तिकर घेते आणि आकडेमोड करणारे तो हमखास विसरतात. ‘प्राप्तिकर नाही’ याला भुलूही नका. मेम्फिसमध्ये विक्रीकर ९.७५ टक्के आहे आणि टेनेसी राज्य किराण्यावरही कर लावतं. टेक्सासमध्ये मालमत्ताकर जड आहे.

घरभाड्यासाठी गृहनिर्माण खात्याचे ‘फेअर मार्केट रेंट’ पाहा. हे नुकत्याच आलेल्या भाडेकरूंच्या भाड्यावर आधारलेले, वीज-पाण्यासह, आणि चाळिसाव्या शतमकावरचे असतात, म्हणजे मध्यकाच्या जरा खाली. पिनकोडनिहाय आकडेही मिळतात. ते घ्याच, कारण एकाच महानगरात वस्तीवस्तीचं भाडं दुपटीने बदलतं. भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवर गेलं की ओझं, ५० टक्क्यांवर गेलं की तीव्र ओझं, हा सरकारी मापदंड.

स्वतःच्या घरासाठी सर्वेक्षणातला ‘मालकांचा मध्यक मासिक खर्च’ वापरू नका. त्यात २०२१ साली तीन टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलेले लोक आहेत. २,४०,००० डॉलरच्या तीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता ३ टक्क्यांनी १,०१२ डॉलर होतो, ७ टक्क्यांनी १,५९७. त्याच गल्लीतल्या दोन घरांत महिन्याला ५८५ डॉलरचा फरक. आज शहर बदलणाऱ्या कुटुंबाला दुसरा आकडा भरावा लागतो, म्हणून हप्ता चालू व्याजदरानेच काढा.

मालमत्ताकरात एक सापळा आहे. मिशिगन आणि कॅलिफोर्नियात जुन्या मालकाची करपात्र किंमत वर्षानुवर्षं बांधलेली असते आणि घर विकलं की ती बाजारभावाला उडी मारते. शेजाऱ्याचं किंवा आधीच्या मालकाचं बिल बघून अंदाज बांधला की पहिल्याच वर्षी भुर्दंड बसतो. डेट्रॉईटमध्ये २०१० ते २०१६ या काळात घरांची किंमत जास्त धरून मालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जादा कर घेतला गेला, असं ‘डेट्रॉईट न्यूज’च्या तपासातून पुढे आलं. आकारणीवर हरकत घेण्याची मुदत प्रत्येक काउंटीत वेगळी असते. ती तक्त्यात लिहून ठेवा.

विम्याला वेगळी ओळ द्या. न्यू ऑर्लिन्समध्ये २०२१ च्या आयडा वादळानंतर अनेक विमा कंपन्या बुडाल्या किंवा निघून गेल्या आणि घरविमा कडाडला. पुराचा विमा त्याहून वेगळा घ्यावा लागतो. डेट्रॉईटमध्ये गाडीचा विमा देशातल्या सर्वांत महागड्यांपैकी आहे, २०२० मध्ये लागू झालेल्या सुधारणेनंतरही. स्वस्त घराने वाचवलेले पैसे अशा ठिकाणी निघून जातात.

गाड्यांचा खर्च अटलांटा, ह्यूस्टन, डॅलस, शार्लट इथे निर्णायक ठरतो. रोज जाऊन-येऊन ४० मैल, वर्षाला २४० दिवस, म्हणजे ९,६०० मैल. २०२४ च्या सरकारी दराने, मैलाला ६७ सेंट, हा खर्च ६,४३२ डॉलर, आणि तो एका गाडीचा. शिकागोतल्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजीचा निर्देशांक घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंतच परवडण्याजोगं मानतो. ‘स्वस्त’ दक्षिणेकडची पुष्कळ उपनगरं या चाळणीतून खाली पडतात. पाळणाघराच्या काउंटीनिहाय किमती श्रमखात्याच्या विमेन्स ब्यूरोकडे मिळतात. लहान मूल असेल तर भाड्यानंतरचा सर्वांत मोठा आकडा बऱ्याचदा हाच असतो.

उत्पन्न सारखं, पाठीशी काय?

इथवरचा हिशेब मिळकतीचा. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या सर्वेक्षणात श्वेतवर्णीय घराची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय घराची ४४,९००. ८०,००० मिळवणाऱ्या दोन घरांपैकी एकाला घरासाठीची सुरुवातीची रक्कम आईवडिलांकडून येते. दुसरं घर शिक्षणकर्ज फेडत असतं आणि अनेकदा त्याच आईवडिलांना पैसेही पाठवतं. म्हणून जमाखर्चात शिक्षणकर्ज आणि नातेवाइकांना मदत या दोन ओळी ठेवाच. त्या नसतील तर तो जमाखर्च दुसऱ्याच कुणाचा आहे.

घराची किंमत वाढेल हेही गृहीत धरू नका. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात, घर आणि परिसराची गुणवत्ता सारखी धरूनही, कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्त्यांतल्या घरांची किंमत सरासरी २३ टक्क्यांनी, म्हणजे घरामागे सुमारे ४८,००० डॉलरने कमी आढळली. खरेदीला हे स्वस्त वाटतं, पण पुढे विकताना आणि घरावर कर्ज घेताना तेच नडतं.

आकड्यामागची माणसं

मिनियापोलिसच्या कृष्णवर्णीय मध्यकात गेल्या काही दशकांत निर्वासित म्हणून आलेली सोमाली कुटुंबं आहेत. मायामीत हैती आणि जमैकाची, प्रिन्स जॉर्जेसमध्ये नायजेरियाची. मध्यक खाली असणं किंवा वर असणं हे शहर काय देतं यापेक्षा तिथे कोण येऊन राहिलं यावरही ठरतं. वॉशिंग्टन परिसराच्या उंच आकड्यामागे केंद्र सरकारच्या नोकऱ्या आहेत. सरकारच्या नागरी नोकरवर्गात कृष्णवर्णीय सुमारे १८ टक्के, देशाच्या लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा बरेच अधिक. २०२५ मध्ये या नोकऱ्यांत मोठी कपात झाली. २०२३ किंवा २०२४ चा तिथला आकडा त्याआधीचा आहे, हे तक्त्यात शेरा म्हणून लिहा.

तक्त्याची शेवटची मांडणी

प्रत्येक महानगराला एक ओळ. रकाने असे: कृष्णवर्णीय मध्यक आणि त्याची चूक-मर्यादा, किंमत निर्देशांक, निर्देशांकाने भागून शंभराने गुणलेलं मध्यक, स्थानिक सीमांनुसार मध्यमवर्गीय घरांचा टक्का, कृष्णवर्णीय घरमालकांचा टक्का (तक्ता बी-२५००३-बी), श्वेतवर्णीय मध्यकाशी गुणोत्तर, आणि नमुना घराकडे महिनाअखेर उरणारी रक्कम. उदाहरणार्थ ६०,००० मध्यक आणि ११२ निर्देशांक असलेलं शहर खऱ्या क्रयशक्तीत ५३,५७१ वर येतं, तर ५२,००० आणि ९० असलेलं ५७,७७८ वर जातं. चूक-मर्यादेलाही त्याच निर्देशांकाने भागायचं असतं.

मग सगळा हिशेब दोनदा फिरवा: एकदा निर्देशांक दोन अंकांनी वाढवून, एकदा व्याजदर एका टक्क्याने वाढवून. ज्या शहरांचा क्रम एवढ्यानेही बदलतो त्यांना वेगवेगळे क्रमांक देऊ नका, एकाच गटात ठेवा. एक वर्षाचे नवे अंदाज साधारण सप्टेंबरात येतात, पाच वर्षांचे आणि किंमत निर्देशांक साधारण डिसेंबरात. तिन्ही हातात आल्यावरच तक्ता नव्याने भरा, अर्धा जुना आणि अर्धा नवा ठेवू नका.